बारावी झाली आहे, पोलीस व्हायचं आहे. सुरुवात कुठून करू?

तुझा प्रश्न वाचला. वय १९, एफ.वाय.बी.ए. सुरू, ॲकॅडमी लावावी का, मैदान आधी की अभ्यास आधी, आणि घरचे म्हणतात ‘पोरीला झेपायचं नाही’, त्यांना काय सांगायचं. मी २०२३ च्या भरतीत शिपाई म्हणून लागले. गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं. तू माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

आधी माझी फजिती ऐक. २०१९ च्या जाहिरातीला मी पहिला फॉर्म भरला. मध्ये कोरोना आला आणि परीक्षा व्हायला २०२१ उजाडलं. तेव्हा लेखी आधी आणि मैदान नंतर होतं. लेखी चांगली गेली. मैदानात १०० मीटर आणि ८०० मीटर ठीक झालं, पण गोळ्यात मी आपटले. मुलींचा गोळा चार किलोचा असतो, सहा मीटरला पूर्ण १५ गुण. घरी मी रोज सहा मीटर टाकत होते. पण काय टाकत होते? बांधावरचा दगड! वाण्याच्या काट्यावर ठेवला तर चार किलो तीनशे भरला, म्हणून खूश झाले होते, जडच आहे, सराव चांगला होईल म्हणून. दगड खडबडीत, हाताला चिकटून राहायचा. मैदानावरचा लोखंडी गोळा गुळगुळीत, त्यात हाताला घाम. पहिला गोळा बोटांतून निसटून पायापुढंच पडला. दुसऱ्याला रेषेवर पाय गेला, फाऊल. तिसरा नुसता घाबरून टाकला. पाच मीटरसुद्धा गेला नाही. यादी लागली तेव्हा मी तीन गुणांनी बाहेर होते.

म्हणून पहिला सल्ला हाच: जे मोजलं जाणार आहे तेच, आणि जसं मोजलं जाणार आहे तसंच घरी मोज. सध्याच्या नियमाने मैदान ५० गुणांचं आहे. मुलींना ८०० मीटर २० गुण, १०० मीटर १५, गोळा १५. पूर्ण गुण हवेत तर ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत आणि १०० मीटर १४ सेकंदांत यायला लागतं. त्यापुढं सेकंद वाढतील तसे गुण पायरीपायरीने उतरतात. (मुलांना १६०० मीटर, ५ मिनिटं १० सेकंद, आणि गोळा ७.२६० किलोचा. भावाला सांगून ठेव.) मैदानात निम्मे म्हणजे २५ गुण तरी लागतात. पण २५ वर समाधान मानू नकोस. एका जागेला दहा जण या प्रमाणातच लेखीला बोलावतात, आणि शेवटची यादी १५० पैकी (मैदान ५०, लेखी १००) लागते.

मोबाईल हातात धरून स्वतःच स्वतःची वेळ घेऊ नकोस. सुरुवातीचं एक आणि शेवटचं एक सेकंद आपण आपल्यालाच माफ करतो. दुसऱ्या कुणाला तरी शिट्टी आणि घड्याळ दे. अंतरही टेपने मोज. आमच्या गावात ‘शाळेपासून पाण्याच्या टाकीपर्यंत ८०० मीटर’ असं सगळे पिढ्यान्पिढ्या मानत आले होते. मोजलं तर ७४० भरलं. शंभरेक पोरं त्या टाकीच्या भरवशावर जोरात होती!

पळायला मातीचा ट्रॅक बघ. आम्ही दहिवडीच्या डांबरी रस्त्याला पळायचो, धावपटू ललिता बाबरचं मोही गाव आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर पहाटे रस्त्याला पोरीच पोरी. हवा चांगली होती, पण डांबराने माझ्या नडग्या सुजल्या आणि महिना वाया गेला. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती घे. आणि उपाशीपोटी, तापात, कुणाच्या तरी गोळ्या खाऊन पळायचं नाही. २०१४ साली मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटर पळताना उमेदवार दगावले, त्यानंतर ते अंतर कमी केलं गेलं.

लेखी १०० प्रश्नांची, ९० मिनिटं, मराठीतून. अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणजे एकही गोल मोकळा सोडायचा नाही. किमान ४० गुण लागतात, पण ४० वर कुणी लागत नाही. मैदानात सगळ्याच मुली ४० च्या वर असतात, तिथं दोन-तीन गुणांचा फरक पडतो. लेखीत पंधरा-वीसचा पडतो. ज्या मुली वर्षभर नुसत्या पळतात त्या इथं मागे पडतात. मी दुसऱ्या वेळी काय केलं, तर रोज पहाटे मैदान, दुपारी दोन तास गणित-बुद्धिमत्ता, आणि रात्री जुनी एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून. व्याकरणाला समास, प्रयोग आणि शब्दांच्या जाती पक्क्या केल्या. गणितात शेकडेवारी, काळ-काम-वेग, नफा-तोटा. बाकी ‘पाच हजार प्रश्न’ वगैरे ठोकळे पुस्तकं तीन-तीन घेऊन काही होत नाही, एकच तीनदा कर.

मैदान आधी की लेखी आधी, हे जाहिरात बघून ठरव. माझ्या दोन प्रयत्नांतच क्रम उलटा झाला होता, २०२३ ला मैदान आधी होतं. २०२४ ला तर मैदान भर पावसाळ्यात सुरू झालं. यूट्यूबवरच्या सरांनी सांगितलं म्हणून काही धरून चालू नकोस. जाहिरात पीडीएफमध्ये येते, ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाच.

ॲकॅडमीबद्दल माझं मत जरा तिखट आहे. गावात मैदान नसेल, सोबत कुणी नसेल तर तीन महिने लाव. गोळ्याचं तंत्र शिकायला माणूस लागतोच: गोळा तळव्यावर नाही, बोटांच्या बुडाशी आणि मानेला टेकून, कोपर वर, आणि जोर हाताचा नाही तर पायाचा आणि कमरेचा. हे मला दुसऱ्या वेळी एका ॲकॅडमीच्या सरांनी पंधरा दिवसांत बसवून दिलं. पण वर्षभराचे पैसे भरून वसतिगृहात राहायची गरज मला वाटत नाही. आणि तिथं किंवा कुठंही कुणी ‘सेटिंग आहे’ म्हणाला तर तो चोर आहे. घरच्यांनाही हे आत्ताच सांगून ठेव, कारण असा माणूस मुलीकडे येत नाही, बापाकडे येतो.

आता कागदं. यातही मुली बाद होतात, शपथेवर सांगते. जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेयर, अधिवास, बारावीचं गुणपत्रक. नॉन-क्रिमिलेयरवरची तारीख जाहिरातीत मागितलेल्या मुदतीतच हवी. माझ्यासोबतची एक मुलगी मैदानात ४६ घेऊन दाखल्याच्या तारखेवर बाद झाली. आधारवर, दहावीच्या दाखल्यावर आणि जातीच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, तेही बघ. उंची १५५ सेंटिमीटर लागते, अनवाणी. अंबाडा वर बांधलास तर तो सोडायला लावतात. एका पदाला एकाच जिल्ह्यात अर्ज करता येतो, तेव्हा फॉर्म भरण्याआधी तुझ्या प्रवर्गात महिलांच्या किती जागा आहेत ते तक्त्यात बघ. ‘अमक्या जिल्ह्यात मेरिट कमी लागतं’ ही चर्चा सगळ्यांनीच ऐकलेली असते.

निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते. त्यासाठी भरायच्या फॉर्ममध्ये, म्हणजे साक्षांकन नमुन्यात, गुन्ह्यांबद्दल विचारतात. काही असेल, अगदी जत्रेतल्या भांडणाची किंवा बांधाच्या वादाची केस असली, सुटका झालेली असली, तरी लिही. लपवलेलं सापडलं की गुन्ह्यापेक्षा लपवणंच अंगाशी येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात यावर सविस्तर सांगितलं आहे. किरकोळ बाबीत सवलत मिळू शकते, पण माहिती खरी द्यावीच लागते.

शिक्षण सोडू नकोस. बी.ए. झालीस की एमपीएससीतून थेट फौजदाराची, म्हणजे पीएसआयची परीक्षा देता येते (तिथं मुलींना उंची १५७ लागते), त्यांचं प्रशिक्षण नाशिकच्या पोलीस अकादमीत असतं. भरती दरवर्षी येईलच असं नाही. माझ्या पहिल्या फॉर्मपासून नियुक्तीपर्यंत चार वर्षं गेली, तेवढ्यात पदवी झाली म्हणून घरात तोंड दाखवायला जागा राहिली.

पगार विचारला नाहीस, तरी सांगते: मूळ वेतन २१,७०० पासून, वर भत्ते. किरकोळ रजा वर्षाला २०, पण दिवाळी आणि गणपतीत रजा मिळेल हे डोक्यातून काढ.

आणि काम कसं असतं? मला वाटायचं पहिल्याच महिन्यात चोर पकडेन. पहिलं खरं काम आलं ते विहिरीतून काढलेल्या एका बाईचं. मयत बाई असल्यामुळे मला बोलावलं. हवालदार सांगत होते, मी पंचनाम्याचा मजकूर लिहीत होते. हिरव्या काचेच्या बांगड्या, मी लिहिलं ‘अंदाजे बारा’. त्यांनी कागद खाली ठेवायला लावला. ‘अंदाजे नाही, बाई. मोज.’ उजव्या हातात सात, डाव्यात पाच. बाराच होत्या, पण त्यांनी मला दोन्ही हात वेगळे लिहायला लावले, आणि डाव्या हातातली एक तडकलेली आहे तेही. हात थरथरत होता, अक्षर आजही त्या कागदावर तसंच असेल. तेव्हा तो पंचनामा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायचा, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत तेच १९४ झालं आहे. खुनाचं ३०२ आता १०३. आम्ही पाठ केलेलं सगळं विसरून पुन्हा पाठ करतोय, तू थेट नवंच शिकशील, तेवढी तू सुखी.

घरच्यांचं. माझ्याकडे आजी म्हणायची, ‘अंधारात पोरगी रस्त्याला कशाला?’ वाद घालून काही झालं नाही. मग आईच बॅटरी घेऊन यायला लागली, मैलाच्या दगडावर बसून राहायची. पंधरा दिवसांत तिच्याकडे घड्याळ दिलं, महिन्याभरात ती ‘आज चार सेकंदं जास्त घेतलीस’ म्हणून ओरडायला लागली. तुझ्या घरच्यांपैकी ज्याला सर्वांत जास्त काळजी आहे त्याच्याच हातात घड्याळ दे.

गोळा मात्र दगडाचा नको, लोखंडी विकत घे. खेळाच्या दुकानात मिळतो. चौघी मैत्रिणींनी मिळून घेतलात तरी चालेल, आम्ही तसाच घेतला होता. सध्या तो माझ्या मामेबहिणीकडे आहे, तिचं ८०० मीटर अजून ३ मिनिटं १२ सेकंदांवर अडकलंय.