दोरी कुणाच्या हातात आहे ते आधी बघ

प्रिय पोरा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. "मला दादासारखं व्हायचंय" असं लिहिलंयस आणि खाली फायरमनच्या भरतीचं विचारलंयस. तुमच्या वाडीच्या फाट्यावर त्याचा युनिफॉर्ममधला बोर्ड आहे, 'जिवाची पर्वा न करता' असं लिहिलेला, तो बघत तू मोठा झालास, मग असं वाटणारच. पण मी त्याच्याबरोबर चार वर्षं एका गाडीवर काढलीत, म्हणून बोर्डावर जे मावलं नाही ते सांगतो, जरा लांबेल.

तो लहान असताना त्यांच्या घरची कडब्याची गंजी पेटलेली आणि शेजारचा गोठापण. तालुक्यावरून बंब यायला दीड तास लागला, तोवर विझवायला राखच उरलेली. हे तो प्रत्येक नव्या पोराला सांगायचा, आणि घंटा वाजली की सगळ्यात आधी गाडीत तोच. पण मला त्याचं आठवतं ते वेगळंच. होज गुंडाळताना एक दुमड राहू द्यायचा नाही, ड्युटीवर आला की चहाच्या आधी श्वासाच्या हवेच्या सिलिंडरचा गेज बघून यायचा. त्याच्यासारखं व्हायचंय ना, तर इथून सुरू कर.

त्या दिवशीचा कॉल विहिरीचा होता. मे महिना, पाणी खोल गेलेलं म्हणून शेतकऱ्याने डिझेल इंजिनच आत उतरवून चालू केलेलं. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, तो आतच साठला आणि माणूस खाली पडला. आमच्याकडे बीए सेट, म्हणजे पाठीवरचं हवेचं सिलिंडर आणि मास्क, दोनच, त्यातला एक दुरुस्तीला. तो उतरला, दोरी माझ्या हातात. खाली त्या माणसाचा श्वास चालू दिसला असणार, कारण याने स्वतःचा मास्क काढून त्याच्या तोंडाला लावला. दोन श्वासांचाच तर प्रश्न आहे असं वाटलं असेल त्याला. ठरलेला झटका दोरीला आला नाही म्हणून मी थांबलो, मिनिटभर असेन, आणि मग आम्ही ओढलं. शेतकरी वाचला. हा नाही. २६ वर्षांचा होता.

दहाव्याला त्याच्या आईने मला एवढंच विचारलं, दोरी कुणी धरलेली? मी म्हटलं, मावशी, मी. तिने चहाचा कप माझ्याकडे सरकवला आणि आत गेली.

म्हणून मला तो बोर्ड बघवत नाही रे. जिवाची पर्वा त्याला होती, रोज गेज बघणारा माणूस होता तो, एका क्षणाला दया आली आणि हात मास्ककडे गेला. तू शिकताना हे पक्कं कर की स्वतःचा मास्क आत असताना काढायचा नाही, समोर सख्खा भाऊ असला तरी. एकाला दोरी बांधून वर ओढता येतं, दोघं पडले तर वरचे लोक तिसरा उतरवतात. नेवासा तालुक्यातल्या वाकडीत एप्रिल २०२४ मध्ये हेच झालं, शेणाच्या जुन्या विहिरीत मांजर पडलं, ते काढायला एक उतरला, त्याच्यामागे दुसरा, तिसरा, असं करत पाच जण जिवानिशी गेले. वाचला तो एकच, त्याच्या कमरेला दोरी होती.

आणि गावात कंदील सोडून बघतात ना, त्यावर भरवसा ठेवू नकोस. ऑक्सिजन फारच कमी असेल तर ज्योत विझते हे खरं, पण कार्बन मोनॉक्साइड असताना दिवा निवांत जळत राहतो आणि माणूस पडतो, आणि शेणाच्या खड्ड्यात मिथेन असला तर भडकाच उडेल. आधी बाहेरून ब्लोअरने हवा सोडायची, बीए सेट असल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. सहा लिटरचं सिलिंडर ३०० बार दाबाला भरलं तर कागदावर पाऊण तास, पण जड काम करताना, घाबरल्यावर ते फार लवकर संपतं. साधारण ५० बारवर सेटची इशाऱ्याची शिट्टी वाजायला लागते. आपण शिट्टीची वाट बघायची नाही, वर यायला किती हवा लागेल ते उतरायच्या आधी मोजायचं.

दर १४ एप्रिलला आम्ही परेडला उभे राहतो ते १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटातल्या अग्निशमन जवानांसाठी, ६६ जण गेले. कापसाच्या गाठी पेटल्यात म्हणून पाणी मारत होते, आणि त्याच जहाजाच्या पोटात शेकडो टन स्फोटकं. आता त्या रांगेत मी त्याचंही नाव मनात घेतो. आत काय आहे हे विचारल्याशिवाय जाऊ नकोस, विचारण्यात कमीपणा नाही.

भरतीचं म्हणशील तर राज्याच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा फायरमन कोर्स कर, आत्तापासून पळायला लाग, पोहायला येत नसेल तर शिक. वाडीतल्या प्रत्येक फोनमध्ये तालुक्याच्या फायर स्टेशनचा थेट नंबर सेव्ह करून दे, १०१ आपल्याकडे सगळीकडे लागेलच असं नाही. आणि डिझेल इंजिन विहिरीत उतरवणारे जे दोन-तीन जण तुमच्याकडे आहेत, त्यांच्या घरी जाऊन बस, त्याचं नाव घेऊन सांग, ऐकतील.

रविवारी ये. बोलाईन गाठ, म्हणजे ताण आला तरी न आवळणारं दोरीचं कडं, डोळे मिटून यायला पाहिजे, ती मी शिकवतो, जुनी तीस मीटरची दोरी घरात आहे. येताना त्याच्या आईला भेटून ये, मी या महिन्यात गेलो नाहीये.

तुझा,
काका