दरोडेखोर ठरवून फाशी दिलेल्या माणसावर ऐतिहासिक कादंबरी लिहिताना कल्पनेला किती मोकळीक द्यावी?

माणसाच्या मनात हवी तेवढी द्या, कारणांत अजिबात देऊ नका. मी उमाजी नाईकांवर, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उठलेल्या रामोशी पुढाऱ्यावर, लिहायला घेतलं होतं. ऐंशी-नव्वद पानांवर अडलो, ते नेमकं हे उलटं केल्यामुळे.

उमाजींबद्दल सगळ्यात भरघोस कुणी लिहून ठेवलंय? कॅप्टन मॅकिंटॉशने. त्यांना पकडायची कामगिरी ज्याच्याकडे होती, त्यानेच! वाघाचं चरित्र शिकाऱ्याने लिहावं तसा प्रकार. पुस्तक मुंबईत १८३३ साली छापलं. (फाशी ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात झाली, काही ठिकाणी फाशीचं साल १८३४ छापलेलं दिसतं, तिकडे दुर्लक्ष करा.) पाठलाग, साथीदार, डोंगरातल्या वाटा सगळं त्यात सापडतं, पण माणूस बाहेरूनच दिसतो. आत शिरायचा हक्क कादंबरीकाराचा.

माझी चूक अशी की पहिल्याच प्रकरणात मी त्यांच्या तोंडी देशभक्तीचं भाषण घातलं. खरं कारण रुक्ष आहे, आणि म्हणूनच जास्त कामाचं. रामोशी म्हणजे राखणदारी करणारा समाज; पुरंदर किल्ल्याची राखण त्यांच्याकडे पिढीजात होती. गावातही रखवाली त्यांचीच. चोरी झाली की रामोशाने माग काढायचा. माग शेजारच्या गावच्या शिवेत शिरला की जबाबदारी तिथल्या रामोशावर. मागच लागला नाही, तर भरपाईचा बोजा त्याच्याच डोक्यावर. पेशवाईच्या अखेरीस आणि १८१८ नंतर किल्ले इंग्रजांकडे गेल्यावर किल्ल्यांची राखण सुटली, तिच्यावरचं उत्पन्न बुडालं. रात्रीच्या सगळ्या वाटा पाठ असलेली माणसं एकदम रिकामी झाली. आता ती काय करतील, हे वाचकाला सांगावं लागत नाही.

आणि अडचणीचं काही गाळू नका. सरकारने मध्ये एकदा उमाजींना माफी देऊन चाकरीत घेतलं होतं. नायकाला डाग लागेल म्हणून मी ते वगळलं, आणि गोष्टीतला सगळ्यात अवघड काळच हातचा घालवला. ज्यांना लुटायचं त्यांचीच चाकरी करणारा माणूस घरी येऊन जेवताना काय बोलत असेल? तसंच दुसरं: तुरुंगात ते लिहा-वाचायला शिकले, आणि १८३१ मध्ये त्यांच्या नावाने इंग्रजांविरुद्ध जाहीरनामा निघाला. या दोन्हींच्या मधली वर्षं तुमची.

संवादांत 'क्रांती', 'स्वातंत्र्यलढा' असले शब्द आले की मी पान फाडतो. त्या माणसांच्या तोंडी वतन, राखण, इमान हे शब्द शोभतात, आणि शपथ बेल-भंडाऱ्याची.

सध्या पहिलं प्रकरण पुन्हा लिहितोय. पहाट, ओल्या मातीत उमटलेला माग, बापाच्या मागून चालणारं पोर. अजून शिवेपर्यंत पोचलेलो नाही.