अमेरिकन गायक स्टीव्ही वंडरच्या 'सुपरस्टिशन' या गाण्यात सुरुवातीला वाजते ती गिटारच ना?

नाही, ते होनर कंपनीचं क्लॅव्हिनेट, म्हणजे तारा असलेला इलेक्ट्रिक कीबोर्ड आहे. कळ दाबली की खालचं रबरी टोक तार धातूवर दाबतं आणि पिकअप (तारेचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) तो आवाज उचलतो, म्हणून कानाला गिटारच वाटते. 1973च्या जानेवारीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या या गाण्यात ड्रम्स आणि मूग सिंथेसायझरवरचा बेसही वंडरचाच. क्लॅव्हिनेटचे अनेक ट्रॅक एकावर एक चढवलेत. हेडफोनवर डावा-उजवा कान आलटून पालटून ऐका, वेगवेगळे सापडतील. पट्टी काळी दोन, मूळ रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा सुरांचा तुकडा) जवळजवळ सगळा काळ्या पट्ट्यांवर. वाजवताना चूक होते ती एकच: बोट उचलायला उशीर. सूर लांबला की ठसका गेलाच. मात्र एकट्या कीबोर्डवर तो भरगच्चपणा येणार नाही. निदान दोन थर तरी लागतात.