रेडिओलॉजिस्ट नुसते रिपोर्टच लिहितो का?

तुम्ही विचारलंय, एमबीबीएसनंतर रेडिओलॉजी घ्यावं का, कारण घरचे म्हणतात अंधारात बसून फोटो बघायचे, त्याने कोणाचा जीव वाचतो. मी रोज मॅमोग्राम, म्हणजे स्तनांचे एक्स-रे, वाचते, त्यामुळे थोडी बाजू घेऊन बोलणार हे आधीच सांगते.

घरच्यांना न्यूयॉर्कचे रेडिओलॉजिस्ट फिलिप स्ट्रॅक्स यांचं सांगा. बायको ऐन तिशीत ब्रेस्ट कॅन्सरने गेली. गाठ हाताला लागायच्या आधीच सापडली तर बाई खरंच जास्त जगते का, या एका प्रश्नामागे ते लागले. आता हे वाटतं तितकं सोपं नाही हं. समजा कॅन्सर 55 ऐवजी 52व्या वर्षी सापडला आणि बाई 58लाच गेली, तर कागदावर ती तीन वर्षं जास्त जगली, प्रत्यक्षात एक दिवस नाही, फक्त आजारी असल्याचं लवकर कळलं. म्हणून मृत्यूच मोजावे लागतात, तेही दोन गट पाडून. 1963 मध्ये शापिरो आणि व्हेनेट या सहकाऱ्यांसोबत त्यांनी नेमकं हेच केलं, 40 ते 64 वयाच्या साधारण 62 हजार बायका, निम्म्यांना दरवर्षी मॅमोग्राम आणि तपासणीला बोलवायचं, बाकीच्यांचं नेहमीसारखं चालू द्यायचं. दहा वर्षांनी बोलावलेल्या गटात ब्रेस्ट कॅन्सरचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी.

पण त्यात डॉक्टर हाताने पण तपासायचे, मग श्रेय मशीनचं की हाताचं? स्वीडनमध्ये लास्लो तबार वगैरेंनी 1977 पासून फक्त मॅमोग्राफी केली, तीही एकाच अँगलने, आणि 1985 मध्ये 31 टक्के घट छापून आली. उलट आपल्या टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख बायकांवर ट्रायल केली, त्यात आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने तपासलं, तर पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी आणि त्याखालच्या वयात फरकच नाही. म्हणजे मशीनवाल्यांनी फार मिरवू नये.

तरी आमचं काम उरतंच. मॅमोग्राममध्ये चरबी काळी दिसते, ग्रंथी पांढऱ्या, गाठ पण पांढरीच, आणि कधी गाठ नसतेच, कॅन्सरची खूण म्हणून फक्त मिठाच्या कणांसारखे बारीक कॅल्शियमचे ठिपके एका रेषेत दिसतात, ते कुठल्याच हाताला लागत नाहीत. आणि पेशंटशी संबंध नाही म्हणणाऱ्यांना सांगा, त्या ठिपक्यांची बायॉप्सी, म्हणजे तपासायला सुईने काढलेला छोटा तुकडा, बहुतेक वेळा आम्हीच घेतो, सुई आत असताना बाई आमच्याशीच बोलत असते.