छत्री कुणाची ते ऐक

प्रिय मुली,

तुझा निरोप मिळाला. "सेन्सेई, आठ दिवस नुसती रिपरिप चाललीय, पावसाच्या मूडला साजेशी जपानी गाणी सुचवा ना." कपडे वाळत नाहीत आणि पावाला दोन दिवसांत बुरशी येते, हेही लिहिलंस. त्सुयुचंच, म्हणजे जपानच्या या पावसाळ्याचंच, दुसरं नाव बाइउ. ते 'आलुबुखार' आणि 'पाऊस' अशा कांजींनी, म्हणजे जपानी चित्राक्षरांनी, लिहितात हे तुला ठाऊक आहे. पण पहिल्या कांजीच्या जागी 'बुरशी'ची कांजी घालूनही ते लिहिता येतं. तेव्हा तुझ्या पावाचं काही बिघडलेलं नाही, तो ऋतूला धरूनच वागतोय.

यादी मात्र मी देणार नाही. मंद पियानो आणि मागे पावसाचा आवाज लावलेल्या याद्या फोनवर ढिगानं मिळतात. झोप यायला त्या चांगल्या.

तू पुण्याहून जपानला गेलीस, म्हणून आधी एक गल्लत होईल. आपला पाऊस उन्हाळा संपवतो. वैशाखात होरपळून निघाल्यावर मृगाची सर आली की माणूस अंगणात जाऊन उभा राहतो. त्सुयु येतो उन्हाळ्याच्या आधी. होन्शू या मुख्य बेटावर तो साधारण जूनमध्ये बसतो, जुलै अर्धाअधिक सरल्यावर उठतो आणि खरी काहिली त्यानंतर सुरू होते. भातलावणीला त्याचं पाणी लागतं, ते खरंच; पण शहरातल्या माणसाला तो कशातूनही सोडवत नाही. ओखोत्स्क समुद्राकडची गार हवा आणि पॅसिफिकवरची उष्ण, दमट हवा एकमेकींना रेटत राहतात, दोघीही हटत नाहीत आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यात तू कपडे वाळत घालतेस. त्यांच्या पावसाच्या गाण्यांत चिंब भिजून नाचणं शोधू नकोस. तिथे बहुतेक कुणीतरी कुणाची तरी वाट पाहत असतं, आणि छत्री कुणाकडे आहे यावर सगळं ठरतं.

वर्गात मी तुम्हाला 'आमेफुरी' शिकवलं, पण पहिल्या कडव्यापुरतं. ती माझीच चूक. १९२५ चं हे बालगीत, शब्द किताहारा हाकुश्यूचे, चाल नाकायामा शिन्पेइची. 'पिचि पिचि चापु चापु रान रान रान' म्हणताना तुम्ही सगळ्या जणी बाकांखाली पाय आपटायचात. 'फुरे फुरे', म्हणजे 'पडा पडा', म्हणून पोर पावसालाच विनवतं, का तर आई जानोमे घेऊन न्यायला येणार. जानोमे म्हणजे तेल दिलेल्या कागदाची, मधोमध पांढरं कडं असलेली बांबूची छत्री. एवढ्यावर आपण थांबलो. पुढे त्या पोराला विलो झाडाच्या बुंध्याशी दुसरं एक पोर दिसतं, नखशिखांत भिजलेलं, रडणारं. मग हा आईला विचारतो, माझी छत्री त्याला देऊ का? आणि त्या पोराला म्हणतो, 'साशितामाए'. हे रूप नीट ऐक. शाळकरी पोराच्या तोंडी हा बाप्यांचा, जरा ऐटीचा आज्ञार्थ आहे. आपल्याकडे सात वर्षांच्या मुलानं छाती काढून "घ्या हो, खुशाल घ्या" म्हणावं तसा. मग मला काय, मी आईच्या मोठ्या जानोमेत मावेन, असं म्हणत तो चालू लागतो. आईच्या छत्रीत शिरण्याचा आनंद त्याला आपली छत्री देऊन टाकल्यावर मिळतो. ही कडवी मी गाळली, कारण त्या दिवशी तास संपत आला होता.

आता पंचावन्न वर्षं पुढे ये. १९८० मध्ये याशिरो आकीनं 'आमे नो बोजो' गायलं. शब्द आकु यूचे, चाल हामा केइसुकेची, आणि त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड पुरस्कार त्याच गाण्याला. तिचा आवाज घोगरा, किंचित चिरलेला. ध्रुपदाशी ती तळहात वर करून पुढे धरते आणि म्हणते काय, तर 'आमे आमे फुरे फुरे'! बालगीतातलेच शब्द. फक्त आता बोलावणारी बाई मोठी झाली आहे आणि पावसाकडे ती आई मागत नाही, सोडून गेलेला माणूस मागते. 'आमेफुरी' ठाऊक नसलं तर हे एक बरं एन्का, म्हणजे जुन्या धाटणीचं विरहगीत, बस. ठाऊक असलं तर हसू येतं आणि लगेच गळ्याशी काही अडकतं. जपानी माणसाला ते शिकवावं लागत नाही, आपल्याला मुद्दाम शिकावं लागतं. ऑफिसातले पन्नाशीचे लोक कराओकेला नेतील तेव्हा हेच म्हण. हात वर करायला विसरू नकोस, निम्मं गाणं त्या हातात आहे.

दुसरं टोक म्हणजे इनोउए योसुइचं १९७२ मधलं 'कासा गा नाइ'. नावच 'छत्री नाही'. वर्तमानपत्रात शहरातल्या तरुणांच्या आत्महत्या, टीव्हीवर देशाच्या भवितव्याची चर्चा, आणि या पोराची अडचण एवढीच, की तिला भेटायला जायचंय आणि छत्री नाही. त्याला आपमतलबी म्हणणारे आहेत. मला तो प्रामाणिक वाटतो. उदास असशील त्या रात्री मात्र हे लावू नकोस, सकाळी लाव.

'तेरु तेरु बोउझु' तुझ्या इमारतीत एखाद्या खिडकीला टांगलेला दिसेल, पांढऱ्या कापडाचा बाहुला. १९२१ च्या त्याच्या गाण्यालाही चाल शिन्पेइचीच. उद्या ऊन पाड, तुला सोन्याची घंटा देतो, गोड साके देतो, आणि नाहीच पाडलंस तर मुंडकं उडवतो! आपण 'ये रे ये रे पावसा' म्हणत पैसा देऊ करतो आणि तो खोटा निघतो. एकाला पाऊस हवा, दुसऱ्याला नको, पण दोन्हीकडची पोरं आभाळाशी सौदा करताना सारखीच लबाड. हे गाणं शेजारच्या मुलांना सांगितलंस तर तुझी ओळख लवकर होईल.

१९७१ चं 'आमे नो मिदोसुजि' ओसाकाला गेलीस की ऐक: रस्ता ओसाकाचा, गळा तैवानच्या ओउयांग फेइफेइचा, चाल व्हेंचर्स या अमेरिकन गिटारवाल्यांची. नागासाकीच्या पावसाचं १९६९ मधलं गाणं तुला कुणीही ऐकवेलच. अलीकडची तुलाच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

एक काम मात्र करून ये. योकोहामाहून केइक्यू रेल्वेनं मिसाकिगुचीपर्यंत जा, पुढे बसनं जोगाशिमा बेटावर. हाकुश्यूनं १९१३ मध्ये या बेटाच्या पावसावर गाणं लिहिलं. त्यात पावसाला रंग दिलाय, 'रिक्यू-नेझुमि'. नेझुमि म्हणजे उंदीर, म्हणजे करडा, आणि रिक्यू हे चहाच्या परंपरेतल्या सेन नो रिक्यू यांचं नाव. हिरवट झाक असलेला करडा, असं कोशात लिहिलेलं असतं. इतकी वर्षं मी वर्गात तेच सांगत आले, आणि दर वेळी कुणीतरी विचारलं, "म्हणजे कसा हो, सेन्सेई?" मी फळ्यावर रंगीत खडू घासून दाखवायची. कुणालाच पटायचं नाही, मलाही नाही.

तू पावसाच्याच दिवशी जा, ऊन पडायची वाट बघू नकोस. समुद्राकडे तोंड करून जरा वेळ उभी राहा आणि तो रंग आपल्या घरातल्या कशासारखा आहे ते मला मराठीत लिहून पाठव. फोटो नको.

तुझी,
सेन्सेई