रिझर्व्हमध्ये जाऊ का दादा, याचं जरा लांबच उत्तर

तू विचारलंस की दादा, कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, आलंय, वय ३८, बायको आणि ७ वर्षांचा मुलगा बरोबर येणार, एसएसबीत, म्हणजे आपल्या फौजेच्या ऑफिसर निवडीत, दोनदा कॉन्फरन्स आउट झालो, शेवटच्या दिवशी बाहेर, ते अजून डोक्यातून जात नाही, आता तिकडे पीआरवाल्यांनाही आर्मी रिझर्व्हमध्ये, नोकरी सांभाळून करायच्या फौजेत, घेतात म्हणे, तर जाऊ का. तुझा मेसेज येऊन चार दिवस झाले आणि मी तीनदा लिहून पुसलं. आज बायको झोपल्यावर बसलोय, जे येईल ते लिहितो.

घेतात हे खरंय, नोव्हेंबर २०२२ पासून. आमच्या वेळी सिटिझनशिप लागायची. बाकी अर्ज कुठे भरायचा, मेडिकलला काय काय असतं, कुठल्या ट्रेडला जागा आहेत हे सगळं त्यांच्या साइटवर आहे ते वाच, मी ते परत लिहीत बसत नाही. जे तिथे नाहीये तेवढंच सांगतो.

मी पण भोपाळच्या एसएसबीतून परत आलेलो. १९९८ साल, पाचवा दिवस, चेस्ट नंबर पुकारले आणि माझा नव्हता, ते छातीवरचं कापड काढून दिलं आणि स्टेशनवर येऊन रात्रभर गाडीची वाट बघत बसलो. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, अपशिंग्यापासून लांब नाही. अपशिंगे मिलिटरी तुला माहितीच असेल, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान गेले, त्यांचा स्तंभ आहे तिथे. अशा भागात वाढल्यावर फौजेत न जाणं म्हणजे काय ते तुला वेगळं सांगायला नको.

२०१० ला इकडे आलो. मुलगी सहा वर्षांची. पूर्व ओंटारिओतलं छोटं शहर, फूड फॅक्टरीत मेंटेनन्सला लागलो. २०१६ मध्ये एकदा इथल्या आर्मरीत ओपन हाउस होतं, आर्मरी म्हणजे रिझर्व्हच्या पलटणीची जुनी दगडी बिल्डिंग असते, तिथे मुलीला सहज घेऊन गेलो. आत भिंतीवर त्या पलटणीने कुठे कुठे लढाई केली त्याचा बोर्ड, आणि त्यावर इटलीतली मोरो आणि ऑर्टोना. मोरो नदीवर डिसेंबर १९४३ मध्ये कॅनडाच्या पहिल्या डिव्हिजनच्या शेजारी आपली आठवी इंडियन डिव्हिजन होती आणि त्यात आमच्या आजोबांची बटालियन. आजोबा 'मोरू नदी' म्हणायचे, आम्हाला लहानपणी वाटायचं नदीचं नाव मोरू कसं काय. त्या बोर्डासमोर मी किती वेळ उभा होतो मला आठवत नाही, मुलीने हात ओढला तेव्हा भानावर आलो. त्याच आठवड्यात अर्ज भरला. घरी विचारलं असं म्हणता येणार नाही, सांगितलं.

अर्ज ते शपथ साधारण वर्ष गेलं आणि ते वर्ष कागदांचं होतं. बॅकग्राउंड चेकसाठी आधी कुठे कुठे राहिलात ते सगळे पत्ते, मधे एक महिन्याची पण गॅप चालत नाही. पुण्यात मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलो, कसला आलाय करार, मालक वारले, वाडा पाडून तिथे बिल्डिंग झाली, आता तिथे मी राहत होतो हे कोण सांगणार. आणि नावं! आपल्याकडे आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. हिचं लग्नात नाव बदललेलं, म्हणजे शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव-आडनाव, लग्नाच्या सर्टिफिकेटवर दोन्ही, पासपोर्टवर सासरचं. तिथल्या बाईंना वाटलं मी दोन बायकांची माहिती भरलीय, आणि ते निस्तरायला अॅफिडेव्हिट, परत फोन, परत अॅफिडेव्हिट. तू निघायच्या आधी हे सगळे कागद एका स्पेलिंगमध्ये करून घे, रिझर्व्हमध्ये जा नाहीतर जाऊ नको.

फिटनेसला घाबरू नको. चार प्रकार असतात, त्यातला एक म्हणजे २० किलोचं वाळूचं पोतं एक मीटरच्या वर उचलायचं, ३० वेळा, साडेतीन मिनिटांत. अठराचा पोरगा असो की पन्नाशीचा, बाई असो की पुरुष, निकष एकच. मी ४१ व्या वर्षी केलं. पैशासाठी पण जाऊ नको, रोजचा दर रेग्युलर फौजेपेक्षा कमी, आणि भरतात फक्त हजेरीचे दिवस, म्हणजे आठवड्यात एक संध्याकाळ आणि महिन्यात एखादा वीकेंड, सप्टेंबर ते मे. बाहेरच्या देशात रिझर्व्हवाल्याला एरवी जबरदस्तीने पाठवत नाहीत, स्वतः नाव द्यावं लागतं. लॅटव्हियात कॅनडाची फौज असते, तिकडे जायची यादी आमच्याकडे निघाली होती, मी नाव दिलं नाही, आणि दिलं नाही याचं वाईट वाटतं आणि दिलं असतं तर जास्त वाटलं असतं, असं काहीतरी आहे ते. ते सोडून देऊ.

एकटेपणाबद्दल विचारलंयस. असतो. पहिली दोन वर्षं जास्त, नंतर माणसं मिळतात. मला तर पलटणीत तीस-चाळीस जण मिळाले, कोण सुतार, कोण शाळेत शिकवणारा, कोण कॉलेजातली पोरं, सगळे मला नावाने हाक मारायचे आणि नीट उच्चार करायचे, फॅक्टरीत आठ वर्षांत कोणी केला नव्हता. २०१९ च्या वसंतात ओटावा नदीला पूर आला तेव्हा आम्ही पोती भरायला गेलो. रात्री अकरा वाजता, पाऊस, माणसांची साखळी, पोतं डावीकडून घ्यायचं उजवीकडे द्यायचं, कोणाचं घर आहे माहीत नाही, माझ्या शेजारी त्या घरातली म्हातारी बाई पण साखळीत उभी. आयुष्यात इतकं बरोबर ठिकाणी असल्यासारखं मला फार थोड्या वेळा वाटलंय. आणि त्याच वर्षी ऑगस्टात सांगलीत कृष्णेचं पाणी माझ्या बहिणीच्या पहिल्या मजल्यापर्यंत आलं, तिला बोटीतून काढलं ते आपल्या फौजेच्या पोरांनी, आणि मी इथे बसून फोनवर व्हिडिओ बघत होतो. ही गोष्ट मी पलटणीत कोणाला सांगितली नाही. तुला का सांगतोय माहीत नाही.

आता मूळ गोष्ट. माझा एकटेपणा गेला तो तिच्या वाट्याला गेला.

आजोबा चार वर्षं घरी नव्हते. पण आजीला घरात सासू होती, दोन दीर, जावा, सगळी आळी, मनीऑर्डर आली की पोस्टमन पत्र वाचून दाखवायचा आणि उत्तर पण लिहून द्यायचा. फौजेत आजोबा एकटे गेले नव्हते, सगळ्या घराने आणि गावाने त्यांना पाठवलं होतं, मागचं सांभाळायला माणसं होती म्हणून ते जाऊ शकले. मी इथे फक्त आजोबांचा वाटा उचलला. बाकी सगळ्यांचा वाटा हिच्या एकटीच्या अंगावर. दर गुरुवारी संध्याकाळी मी युनिफॉर्म घालून बाहेर, ही फार्मसीतली शिफ्ट करून यायची, ड्राइव्ह-वेवरचा बर्फ काढायची, स्वयंपाक, मुलीचा अभ्यास. जवळचं मराठी घर चाळीस मिनिटांवर. टोरोंटोच्या मंडळाचा गणपती असला तर दोन तास गाडी, आणि हिला हायवेची भीती वाटते म्हणून ही चालवत नाही, म्हणजे मी नसलो की नाही जायचं. तिने कधी तक्रार केली नाही. मी ते तक्रार नाही म्हणजे बरं चाललंय असं धरलं.

२०१८ च्या फेब्रुवारीत माझं बेसिक ट्रेनिंग चालू होतं, ते रिझर्व्हवाल्यांना हिवाळ्यात वीकेंडला करता येतं, शुक्रवारी रात्री जायचं रविवारी परत. मुलगी आठवीत. इथे तेव्हा आठवीतच ठरवावं लागायचं की नववीला गणित 'अॅकॅडेमिक' घ्यायचं की 'अप्लाइड', आणि त्याची मीटिंग नेमकी गुरुवारी. मी रजा मागू शकलो असतो, एक फोन केला असता तर दिली असती, पण नवीन होतो, वयाने सगळ्यात मोठा, पोरांसमोर घरचं कारण सांगायची लाज वाटली. ही एकटी गेली. टीचर म्हणाली मुलगी शांत आहे, वर्गात बोलत नाही, अप्लाइडमध्ये तिला जास्त मोकळं वाटेल. आता आपल्याकडे अप्लाइड मॅथ्स म्हटलं की काय, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष! हिला वाटलं वरच्या वर्गात घालतायत. सही करून आली, घरी येऊन खुशीत शिरा केला. मी रात्री दहाला आलो, शिरा खाल्ला, छान म्हणालो. मला पण माहीत नव्हतं. अप्लाइड म्हणजे युनिव्हर्सिटीच्या रस्त्यावरून बाजूला काढणं, हे आम्हाला कळलं ते पुढच्या वर्षी ऑक्टोबरात, जेव्हा तिच्या मैत्रिणीची आई सहज बोलली.

मग उन्हाळ्याची शाळा करून मुलीने ती दरी भरली, आज २१ वर्षांची आहे, व्यवस्थित शिकतेय, ती म्हणते बाबा सोडा आता. पुढे सरकारने ती विभागणीच बंद केली, २०२१ ला गणिताची, २०२२ ला बाकीच्या विषयांची, म्हणजे चूकच होती ना ती. पण मला तो शिरा आठवतो रे. बदामाचे काप लावले होते. तिने विचारलं होतं, "तुम्ही असतात तर काही वेगळं विचारलं असतं का?" आणि मी झोपेत नाही म्हणालो होतो.

आता ओसीआयचं ऐक, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला व्हिसाशिवाय भारतात येता येतं ते कार्ड, हे कोणी सांगत नाही. नियमात स्पष्ट लिहिलंय की परदेशी सैन्यातला माणूस, नोकरीत असलेला किंवा निवृत्त, ओसीआयला पात्र नाही. हिचं आणि मुलीचं ओसीआय २०१६ लाच झालं, माझ्या जुन्या पासपोर्टात वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं म्हणून माझा अर्ज परत आला, नंतर बघू म्हणून ठेवला. नोव्हेंबर २०१७ ला रिझर्व्हची शपथ घेतली, पुढच्या वर्षी परत अर्ज भरायला बसलो तेव्हा ती ओळ वाचली. खोटं लिहायचा प्रश्नच नव्हता. तेव्हापासून मी व्हिसावर. मुंबईला उतरलो की या दोघी एका रांगेत आणि मी परदेशी लोकांच्या रांगेत, त्याआधी व्हिसाच्या फॉर्मवर सैन्यात होतात का, रँक काय, पोस्टिंग कुठे ते भरायचं. मुलगी पलीकडून बॅगा धरून माझी वाट बघत उभी असते.

तू आत्ता पीआरवर जाशील, पासपोर्ट भारताचाच राहील, त्यामुळे हे तुला आज दिसणार नाही. पण चार-पाच वर्षांनी सिटिझनशिप घेशील तेव्हा समोर येईल आणि तोपर्यंत रिझर्व्ह सोडलंस तरी उपयोग नाही. मी मे २०२३ ला सोडलं. गुडघा आणि बाकी सगळं. २१ सप्टेंबर २०२३ ला दोन देशांच्या भांडणात भारताने कॅनेडियन पासपोर्टवाल्यांचे व्हिसा थांबवले, ओसीआयवाल्यांना काही फरक नाही. माझा व्हिसा संपलेला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अप्पा न्हाणीत पडले, खुब्याचं हाड. इमर्जन्सी म्हणून मागता येत होतं, पण ऑपरेशन नीट झालं, धोका नाही असं डॉक्टरच म्हणाले, मग कुठल्या तोंडाने मागू. ही गेली. साताऱ्यात हॉस्पिटलात माझ्या वडिलांजवळ दीड महिना ही होती, आणि मी इथे बर्फ काढत, स्वतःचं जेवण करून, रिकाम्या घरात. सहा वर्षांच्या गुरुवारांचा हिशोब मला त्या दीड महिन्यात कळला. ई-व्हिसा २२ नोव्हेंबरला सुरू झाले, मी डिसेंबरात पोचलो तेव्हा अप्पा वॉकर घेऊन चालत होते. म्हणाले, "सूनबाईने उभं केलं बघ."

जाऊ नको असं मी म्हणत नाहीये. ती पुराची रात्र मला कशाच्याच बदल्यात देता येणार नाही. पण निघायच्या आधी दोन गोष्टी कर. एक, तू ३८ चा आहेस, टेरिटोरियल आर्मीत, म्हणजे भारतातल्या असल्याच फौजेत, ऑफिसरसाठी ४२ पर्यंत चालतं आणि नोकरी सांभाळूनच करायचं असतं, कोल्हापूरची १०९ टीए बटालियन मराठा लाइट इन्फन्ट्रीचीच आहे. लेखी, मग परत एसएसबी, हो, परत तेच, पण जे डोक्यातून जात नाही ते त्याच दारात जाऊन बघ ना एकदा. तिथे तुझी आई आहे, सासू आहे, सोसायटी आहे, मुलगा एक संध्याकाळ कोणाकडे पण राहील. पीआरची मुदत आणि हे जुळतंय का ते मात्र नीट तपास.

दुसरं, इकडे आलासच तर पहिली तीन वर्षं आर्मरीच्या बाजूला फिरकू नको. बायकोला आधी गाडी शिकव, बर्फातली, हायवेवरची. शाळेच्या प्रत्येक मीटिंगला दोघं जा आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारा, आपल्याला माहीत आहे असं वाटलं तरी विचारा. तिची स्वतःची माणसं झाली की मग तिला विचार, आणि ती हो म्हणाली तर दुसऱ्या दिवशी परत विचार.

बाकी फोनवर बोलू. फक्त एकटा करू नको, तिला पण बसव शेजारी, माझी बायको पण बोलेल, तिला जे सांगायचंय ते मी इथे लिहिलेलं नाही. गुरुवारी संध्याकाळी कर, इकडच्या. गुरुवारी आम्ही दोघं घरी असतो आता.