नव्वद हजारांची घोडी, महिन्याचे सतरा हजार

प्रश्न (थोडक्यात): आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. दोघांचे मिळून हातात १,५५,००० येतात. गृहकर्जाचा हप्ता ४६,०००, घरखर्च लेकीच्या रायडिंग क्लाससकट ५५,०००, एसआयपी २०,०००. बँकेत चार लाखांची एफडी. मुलगी नऊ वर्षांची आहे, वर्षभर घोडेस्वारी शिकतेय, आता तिला स्वतःचं पोनी हवंय. दोन पाहून ठेवलेत. एक आठ वर्षांची पांढरी घोडी. दोन वर्षांपूर्वी तिच्या खुरांना सूज आली होती, आता ठणठणीत आहे म्हणतात. त्यामुळे १,६०,००० ची घोडी मालक ९०,००० ला द्यायला तयार आहे. दुसरा बारा वर्षांचा कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाचा घोडा, १,७५,०००. पागेचं भाडं, चारा, चंदी (दाणा), मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा) मिळून महिना १४,००० पडतील. मालक म्हणतो, दत्तजयंतीच्या आत सांगा, नाहीतर घोडी सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात नेतो. एफडी मोडून ती घ्यावी का?

उत्तर: ताई, पांढरी घोडी घेऊ नका, आणि एफडीला हात लावू नका. कुमैत घ्यायचा की नाही, त्याकडे नंतर येतो.

तुम्ही पत्रात किंमतीबद्दल बरंच लिहिलंय, महिन्याच्या खर्चाबद्दल एकच ओळ. खरी रक्कम त्या ओळीत आहे. चौदा हजारांवर नालबंद येतो, तो सहा ते आठ आठवड्यांनी लागतोच. जंताचं औषध, धनुर्वाताची लस, खोगीर-लगामाची डागडुजी, डॉक्टरांच्या किरकोळ फेऱ्या. या सगळ्याला तीन हजार धरा. झाले सतरा हजार, वर्षाला दोन लाख चार हजार. आता हे किती वर्षं? स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. घोडी साधारण २२० किलोची असल्याचं तुम्ही लिहिलंय, म्हणजे मर्यादा ४४ किलो. लेक आज २८ किलोची, खोगीर सहा किलोचं. मुली बाराव्या-तेराव्या वर्षी किती झपाट्याने वाढतात ते तुम्हाला सांगायला नको. फार तर चार वर्षं. त्या चार वर्षांत खर्च आठ लाख सोळा हजार, आणि दोन्ही घोड्यांच्या किंमतीतला फरक पंच्याऐंशी हजार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा हा व्यवहार आहे. तेव्हा कोंबडी स्वस्त मिळतेय यावर फार खूश होऊ नका.

पंच्याऐंशी हजारांना सतरा हजारांनी भागलं की पाच येतात. चार वर्षांत घोडी मिळून पाच महिने लंगडी राहिली, तर स्वस्तात घेतल्याचा फायदा संपला. लंगडा घोडा चारा तेवढाच खातो, पागेचं भाडं तेवढंच घेतो. वर डॉक्टर.

आणि ती लंगडणार नाही असं मानायला मला तरी आधार दिसत नाही. खुरांना सूज म्हणजे लॅमिनायटिस असावा. खुराची शिंगासारखी भिंत आतल्या हाडाला जो थर जोडून ठेवतो, त्यालाच सूज येते. दुखणं जोराचं असेल तर ते हाड जागचं फिरतं. लठ्ठ तट्टांना हे जास्त होतं. जास्त चंदी, गूळ, कोवळा हिरवा चारा ही त्याची नेहमीची कारणं, आणि एकदा झालं की पुन्हा होण्याची शक्यता कायम राहते. तुम्ही घोडी पाहिली दिवाळीनंतर, वाळल्या गवताच्या दिवसांत. नाशिकचा पाऊस सुरू होऊन बांधाबांधावर लुसलुशीत गवत आलं की तिची खरी परीक्षा. निफाडकडून उसाचे वाढे स्वस्तात येतात, मोतद्दार प्रेमाने गुळाचा खडा भरवतो. अशा घोडीला दोन्ही वर्ज्य, आणि तुम्ही काही दिवसभर पागेत उभ्या राहणार नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत पुढच्या खुरांवर आडव्या कड्या दिसतात. त्या सगळीकडे सारख्या अंतरावर असत्या तर मी सोडून दिलं असतं. पण पुढच्या टोकाशी त्या जवळजवळ आहेत आणि टाचेकडे फाकत गेल्यात. जुन्या लॅमिनायटिसची ती ओळखीची खूण आहे. मी पशुवैद्य नाही, म्हणून एकांना फोटो दाखवून खात्री करून घेतली. त्यांचं म्हणणं, दोन्ही पुढच्या पायांचा एक्स-रे काढल्याशिवाय या घोडीची किंमत बोलूच नये. शिवाय कठीण जमिनीवर दुडकी चालवून लहान वर्तुळात वळवून पाहावं, आणि त्याच दिवशी रक्ताचा नमुना घ्यावा. वेदनाशामक टोचून लंगडेपणा झाकता येतो, पण ते औषध रक्तात सापडतं. ‘ठणठणीत आहे’ म्हणणाऱ्या मालकाने एक्स-रेला आढेवेढे घेतले, की तिथेच उत्तर मिळालं.

तपासणी कुमैताचीही करायची, आणि डॉक्टर तुमचा हवा, मालकाच्या नेहमीचा नको. मालक सांगतो ते वय दातांवरून पडताळून घ्या. ग्लँडर्सची रक्तचाचणी तर अजिबात चुकवू नका. हा रोग घोड्यांकडून माणसाला होतो, आणि तुमची लेक त्याच्या तोंडाशी तोंड लावून बसणार आहे.

तुम्हाला कुमैत महाग वाटतोय, पण माझ्या मते महाग पांढरी होती. घोडेबाजारात पांढऱ्या रंगाला वरातीमुळे भाव येतो. भोवरे कुठे आहेत, देवमण (शुभ मानलेला भोवरा) आहे का, पंचकल्याण (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे का, यावर हजारो रुपये चढतात-उतरतात. नऊ वर्षांच्या मुलीला यातलं काहीच लागत नाही. तिला हवा शांत, खोड नसलेला, अनेक मुलं पाठीवर बसून गेलेला घोडा. बारा वर्षं हे पोनीचं म्हातारपण नव्हे, नीट सांभाळलं तर ती पंचवीस-तीस वर्षं जगतात.

विम्याचं तुम्ही विचारलंय. जनावरांचा विमा प्रामुख्याने मृत्यूसाठी असतो, आपल्या मेडिक्लेमसारखं दवाखान्याचं बिल त्यातून सहसा निघत नाही. आधीपासूनचं दुखणं तर वगळलेलंच असतं, म्हणजे पांढरीच्या बाबतीत ज्याची भीती तेच बाहेर. पोटशूळ तर कुठल्याही घोड्याला होऊ शकतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटाचं दुखणं तासातासाने गंभीर होतं. त्यासाठी लाखभर रुपये रात्री-अपरात्री हाताशी लागतात.

आता एफडी. हप्ता आणि घरखर्च मिळून तुमचे महिन्याला १,०१,००० जातात. चार लाख म्हणजे चार महिनेसुद्धा नाहीत, आणि मी सहा महिन्यांचा आग्रह धरतो. ही रक्कम आधीच अपुरी आहे. त्यातून घोडी घेणं म्हणजे घराच्या आजारपणाचे पैसे घोडीच्या आजारपणाला देणं. एसआयपीही थांबवू नका, बारावीची फी काही चार वर्षांसाठी थांबणार नाही.

महिन्याला तुमच्याकडे ३४,००० उरतात. माझा सल्ला असा: कुमैताच्या मालकाला अर्ध्या भाडेपट्टीचं विचारा. आठवड्यातले तीन दिवस घोडा तुमच्या मुलीचा, आणि खर्चाचा अर्धा वाटा, म्हणजे ८,५००, तुमचा. पुढच्या दसऱ्यापर्यंत. त्याच वेळी महिना १७,००० आरडीत टाका. दहा महिन्यांत १,७०,००० जमतात, जवळजवळ कुमैताची किंमत. उरलेले ८,५०० एफडीत भर म्हणून जाऊ द्या. दहा महिन्यांच्या भाड्याचे पंच्याऐंशी हजार होतात, तुम्ही वाचवू पाहत होतात तेवढेच. पण त्यात एक अख्खा पावसाळा कळतो. पहाटे चिखल तुडवत लीद काढायला आणि खरारा करायला पोरगी उठते का, हेही कळतं. ती उठत नसेल तर आरडी तुमचीच आहे.

भाडेपट्टी तोंडी नको. आजारपणाचा खर्च कोणी द्यायचा, पडझड झाली तर जबाबदारी कोणाची, आणि दसऱ्याला विकत घ्यायचा झाला तर किंमत आजच्या १,७५,००० वर कायम राहील का, हे साध्या कागदावर का होईना, लिहून दोघांच्या सह्या घ्या. मालक भाड्याला तयार नसेल तर सध्याचा क्लासच आठवड्यातून दोन दिवस वाढवा, आरडी तशीच चालू ठेवा.

पांढरीच्या मालकाला आजच फोन करून सांगा की यात्रेला खुशाल न्या. एक्स-रे स्वच्छ दाखवलात तरच पुढचं बोलू, आणि तेही दसऱ्यानंतर.